वाणाची पुडी

१ जानेवारी २००३, बुधवार

इराने बँकेची डायरी आणून दिली. दरवर्षी आणते आणि दरवर्षी मी तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदा ठरवलंय, मनातलं लिहायचं. बोलायचं तरी कुणाशी? हे पहाटे रामकुंडावर जातात, यजमानांची श्राद्धं-तर्पणं उरकून दुपारी येतात, जेवतात आणि आडवे होतात. उभा जन्म लोकांच्या पितरांशी बोलण्यात गेला. घरातल्या जिवंत माणसांसाठी शब्द उरत नाहीत.

काल आणखी एक नकार आला. "मुलगी छान आहे हो, पण जोडा शोभणार नाही." शोभणार नाही म्हणजे काय ते स्पष्ट बोला की! मुलाच्या डोक्यावर चार केस, आणि हे जोडा शोभायच्या गोष्टी करतात. इरा अंगाने जाड आहे. मी आई आहे म्हणून लिहिते, दुसऱ्या कुणी म्हटलं तर जीभ हासडीन. चेहरा लक्ष्मीसारखा, एम. कॉम. झालेली, बँकेत कायम झालेली. पण येणारे लोक पोह्यांची बशी तिच्या हातातून घेतात आणि बघतात दंडाकडे.

त्यात पावसाळ्यात सिंहस्थ लागतोय. सिंहस्थात आमच्यात लग्नं करत नाहीत. म्हणजे आषाढी एकादशीच्या आत उरकलं तर उरकलं, नाहीतर पुढचं सबंध वर्ष पोरगी घरात. यांना म्हटलं, तर म्हणाले, "योग असला की होईल." योग काय दारात येऊन कडी वाजवतो?

१९ जानेवारी, रविवार

संक्रांतीचं हळदीकुंकू झकास झालं. कल्पना महेशची. महेश माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा हा शाळेतही जात नव्हता, माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. आजवर त्याने अळिंबी करून पाहिली, कोरफड लावून पाहिली, ससे पाळून पाहिले. आता सिन्नरला कारखान्यांच्या वसाहतीत एक शेड भाड्याने घेऊन चूर्ण काढलंय, 'कृशांगी'. त्रिफळा, गुग्गुळ, वावडिंग, असलं सगळं. वजन उतरवायला. पुडीवर हिरवं पान छापलंय आणि खाली लिहिलंय, 'शंभर टक्के वनस्पतिजन्य. कोणताही अपाय नाही.'

म्हणाला, "ताई, यंदा गाळण्या आणि प्लॅस्टिकचे डबे लुटू नकोस. वाण म्हणून माझ्या पुड्या दे. सवाष्णीने दिलेलं वाण कुणी टाकून देत नाही." पोराला डोकं आहे. वाण नाकारायचं नसतं, आणि बायकांना फुकटचं हवंच असतं.

गोदावरीवन्सं देवळाली कॅम्पहून आल्या होत्या. यांच्या थोरल्या बहीण, लग्न केलं नाही, शाळेत मास्तरीण होत्या, आता निवृत्त. त्यांच्या जिभेला हाड नाही. पुडी उलटसुलट करून म्हणाल्या, "वहिनी, हे वाण दिलंत की टोमणा?" सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मखमलाबादहून फुलं घेऊन येणारी लंकाबाई दारात उभी होती, तिलाही कुंकू लावून एक पुडी दिली. ती म्हणे, "मला कशाला बारीक करता ताई, वारं सुटलं तर उडून जाईन मी." घेतली मात्र.

इरालाही आजपासून सुरू केलं. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. झाडपाल्याचं आहे. गुण नाही आला तर अपाय तरी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गुण नाहीच आला. इराचं वजन होतं तिथेच. पोट तेवढं साफ होतं, पण ते एरंडेलानेही झालं असतं.

भाजी घ्यायला गेले तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघी हसत होत्या. "काय हो, तुमच्या वाणाने आमची भूकच वाढली!" अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन महेशला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. म्हटलं, "माझ्या हाताने वाण दिलंय मी, लोक तोंडावर हसतात. ते पान-फूल छापणं पुरे कर आणि गुण येईल असं काहीतरी कर. आषाढीपर्यंतच वेळ आहे."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघतो ताई. गुण यायला हवा ना तुला? येईल."

बोलले ते बरं झालं. माणसाला कुणीतरी टोचावं लागतं.

९ मार्च, रविवार

आज एसटीने सिन्नरला जाऊन महेशची शेड बघून आले. ऊर भरून आला. दोन बायका तोंडाला पदर बांधून चूर्ण चाळत होत्या, एक पुड्या चिकटवत होती. भिंतीवर धन्वंतरीची तसबीर, तिला ताजा हार.

कोपऱ्यात घरचाच मिक्सर होता. महेश त्यात स्वतःच्या हाताने बारक्या पांढऱ्या गोळ्या टाकून दळत होता. म्हटलं, हे काय रे? म्हणाला, "काही नाही गं, चूर्ण मिळून यावं म्हणून. बांधणीला लागतं." कढी फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो तसंच. बाकी सगळं बायकांच्या हाती, पण हे एक काम तो कुणाला करू देत नाही. म्हणतो, माप चुकलं तर सगळा घाणा बिघडतो. इतका जबाबदार कधी झाला कोण जाणे! आई असती तर दृष्ट काढली असती.

नव्या घाण्याच्या पुड्या इरासाठी घेऊन आले.

२ एप्रिल, गुढीपाडवा

गुण आला! गुढी उभारताना इराने नव्या साडीवर जुना ब्लाउज घातला तर खांद्यावरून ओघळला. गाल आत गेले, मान दिसायला लागली. आणि गंमत म्हणजे खाते भरपूर. श्रीखंड-पुरी दोनदा वाढून घेतली, तरी वजन उतरतंच आहे. चमत्कार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी बसस्टँडवरच्या वजनाच्या यंत्रावर तिला उभं केलं. तिकीट आलं. मागे भविष्य छापलेलं होतं, 'तुमची माणसे तुमच्यावर जिवापाड प्रेम करतात.' तिकीट डायरीत जपून ठेवलंय.

ज्या दोघी भाजीवाल्यापाशी हसत होत्या, त्याच आज दारात. "अहो, ते चूर्ण आहे का आणखी?" मी म्हटलं, बघते, शिल्लक असलं तर. जरा ताटकळू देत.

लंकाबाई तेवढी कुरकुरली. नवी पुडी मीच तिला सुनेसाठी दिली होती. "ताई, तुमची नवी पुडी सुनेनं घेतली तर छाती लय धडधडाया लागली तिची. हातपाय कापत्यात. मी उकिरड्यावर टाकून दिली." फुकट मिळालं की किंमत नसते. सून काय खाते-पिते, किती राबते, देव जाणे, आणि नाव माझ्या पुडीचं!

४ मे, अक्षय्य तृतीया

इराचा साखरपुडा झाला.

देवळालीचे गर्गे. मुलगा सिन्नरच्या कारखान्यात इंजिनिअर, नाकीडोळी नीटस, मितभाषी. मुलाच्या आईने इराला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "फोटोत जरा वेगळी वाटत होती, प्रत्यक्षात सडपातळ आहे." कान निवले माझे. चार वर्षं ज्या एका शब्दासाठी देव पाण्यात घातले होते, तो शब्द परक्या बाईच्या तोंडून ऐकला. मोरीत जाऊन रडून आले.

मुहूर्त ५ जुलै. एकादशीच्या आतला आहे.

अंगठी घालताना इराचा हात इतका थरथरत होता की मुलाने दुसऱ्या हाताने धरला. सगळे हसले. तिला घामही फुटला होता. आनंद सोसवत नाही पोरीला. रात्र रात्र झोप नाही म्हणते. होतं असं, माझंही झालं होतं. गोदावरीवन्सं मात्र भुवया ताणून बघत होत्या. म्हणाल्या, "हिचे डोळे बघा वहिनी, किती मोठे झालेत." म्हटलं, चेहरा बारीक झाला की डोळे मोठे दिसणारच. लग्न न केलेल्या माणसाला दुसऱ्याचं लग्न कुठे बघवतं?

१९ मे, सोमवार

इराने चूर्ण बंद केलं. सरळ पुडीच माझ्या पुढ्यात ठेवली. "आई, मला नको हे. बँकेत नोटा मोजताना हात कापतात. जिना चढले की छातीत घोडा धावल्यासारखं होतं. ठरलं ना लग्न आता? मग बास."

किती समजावलं. अपाय नाही असं पुडीवर लिहिलंय, मामा काय तुझा वैरी आहे का, सगळं बोलून झालं. ती म्हणाली, "मामा वैरी नाही गं. पण शरीर माझं आहे." शरीर माझं आहे म्हणे! नऊ महिने कुणाच्या पोटात होतं ते?

७ जून, शनिवार

इरा परत भरायला लागली. पंधरा-वीस दिवसांत गाल वर आले. खुशाल झोपते, हसते, खाते. बापलेक ओट्यापाशी उभे राहून कैऱ्या खात होते मीठ लावून.

आणि आज गर्गेबाई शिंप्याला घेऊन शालूच्या ब्लाउजांची मापं घ्यायला आल्या. शिंप्याने टेप लावली, साखरपुड्याच्या मापाशी ताडून पाहिली आणि म्हणाला, "वाढवावं लागेल." गर्गेबाई नुसत्या हसल्या. ते हसणं मी ओळखते. पोह्यांच्या बशा रिकाम्या करून जे लोक उठून गेले ते सगळे असंच हसले होते.

आता महिना राहिला. हे लग्न मोडलं तर सिंहस्थ, आणि सिंहस्थानंतर कोण विचारणार? तिचं वय काय थांबणार आहे?

८ जून, रविवार

इरा रोज सकाळी बँकेत जाताना पेलाभर ताक पिते. हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं, वर कोथिंबीर. लहानपणापासूनची सवय.

हिंगापुढे दुसरी कसलीच चव लागत नाही.

लहानपणी ती कडू काढा प्यायची नाही, तेव्हा मी गुळात कालवून द्यायचे. आई होऊन बघा म्हणजे कळेल.

२१ जून, शनिवार

ब्लाउज पुन्हा सैल झाले. शिंप्याला सांगून आले, जुन्याच मापाचे शिव. डोक्यावरचं ओझं उतरलं.

पण इराची तब्येत नाजूक आहे. काल बँकेत चक्कर आली. यांनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मीही गेले. बाईंनी नाडी धरली, घसा चाचपला, रक्त काढलं. मला विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?"

"नाही हो," मी म्हटलं. चूर्ण म्हणजे काय औषध आहे? उद्या ओवा, हिंगाष्टक विचारतील.

इरानेच सांगितलं, "मामाचं चूर्ण घ्यायचे मी. पण सोडून महिना झाला." बाई माझ्याकडे वळल्या. "नक्की बंद आहे?"

"हो," म्हटलं, "तिने केव्हाच बंद केलंय."

यात खोटं काय आहे? तिने बंद केलंच आहे.

२६ जून, गुरुवार

इराला दवाखान्यात ठेवलंय. रक्तात थायरॉइड म्हणून काहीतरी असतं, ते भलतंच वाढलंय. बाईंना कोडं पडलंय. म्हणाल्या, "घशातली ग्रंथी तर झोपल्यासारखी आहे, ती काही तयारच करत नाहीये. मग हे येतंय कुठून?" इतकं शिकून सवरून मलाच विचारतात. मी काय सांगू?

दवाखान्यात बाहेरचं काही चालत नाही. तिथलाच डबा. मी ताक नेलं होतं, नर्सबाईने दारातूनच परत पाठवलं. इराच्या आवडीचं, घरचं ताक! माणुसकी म्हणून नाही.

३० जून, सोमवार

काल इराला घरी आणलं. तिथे चांगली टवटवीत झाली होती, हाताचा कंप पुष्कळ कमी झाला. बाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा, आठ दिवसांनी दाखवा. लग्नाला हरकत नाही, पण दगदग नको.

घरी आल्यावर आज सकाळी पुन्हा धडधड. यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तिथे बरी असते आणि घरी आली की बिघडते. असं का?" मी म्हटलं, नजर लागलीय. लग्न ठरलेल्या पोरीला शंभर डोळे बघतात. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. चुलीत चांगल्या तडतडल्या.

हे बघत उभे होते. मोहऱ्यांकडे लक्ष नव्हतं. नुसते ओट्यावरच्या ताकाच्या पेल्याकडे बघत राहिले.

३ जुलै, गुरुवार

इराचं शेवटचं केळवण आज आमच्याच घरी. गोदावरीवन्सं आल्या होत्या. महेशही आला, भाचीसाठी पैठणी घेऊन. पाटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, कटाची आमटी. पोरगी नवरीसारखी दिसत होती. जेवण जड झालं म्हणून मी ताक दिलं. चार घोट घेतले आणि पाटावरच कलंडली. ओठ निळसर. नाडी धरायला गेले तर हाताला नाडी कुठे आणि कशी पळतेय तेच कळेना.

महेश उठून उभा राहिला. सगळ्यात आधी त्याने ताकाचा पेला उचलला आणि वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. पांढराफटक पडला होता. हळूच म्हणाला, "ताई, किती घालत होतीस?"

"चमचाभर," मी म्हटलं. "आज लग्न जवळ आलं म्हणून दोन."

गोदावरीवन्संनी ऐकलं. त्यांनी महेशच्या हातातून पेला काढून घेतला, वर ताटली झाकली आणि तो तसाच घेऊन रिक्षात इराशेजारी बसल्या.

५ जुलै, शनिवार

आज सकाळी अकरा सव्वीसचा मुहूर्त होता. कार्यालय मोकळं राहिलं.

इरा अतिदक्षता विभागात आहे. हृदयाचा ठेका चुकलाय, असं बाई म्हणाल्या. जीव वाचला. देवाने लाज राखली. मला आत सोडलं नाही. काचेतून बघितलं तर ती जागी होती. मी हात हलवला. तिने मान भिंतीकडे वळवली.

बाई बाहेर आल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. म्हणाल्या, "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तुम्ही तिसऱ्यांदा तरी खरं बोला."

मी म्हटलं, "आई आहे मी तिची. विष घालीन का?"

त्यांनी नर्सला सांगितलं, "पेशंटला पाणीसुद्धा इथल्याच माणसांच्या हातचं." हे माझ्या देखत. मी तिला जन्म दिला, आणि पाणी द्यायची परवानगी नर्सला!

२० जुलै, रविवार

गर्ग्यांचा निरोप आला. मोडलं. "मुलीची तब्येत" म्हणाले. खरं कारण सगळ्या गावाला माहीत आहे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

इराला घरी सोडलं, पण ती माझ्या घरी आली नाही. दवाखान्यातून सरळ गोदावरीवन्संकडे, देवळाली कॅम्पला गेली. हेच घेऊन गेले. माझ्या पाठीमागे ठरलं सगळं.

आणि आणखी एक थेर. यांनी आता स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला घेतलाय. पहाटे उठून सोवळ्यात वरणभात लावतात, रामकुंडावर जाताना डबा नेतात. म्हटलं, सिंहस्थ आला म्हणून एवढं कडक सोवळं? माझ्या हातचं चालेनासं झालं? म्हणाले, "हो, सिंहस्थ आहे." वयोमानाने माणूस कर्मठ होतो म्हणतात ते खोटं नाही.

१२ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताक आणि पुड्या तपासायला गेल्या होत्या. थायरॉइडच्या गोळ्या निघाल्या. महेशच्या शेडला सरकारी कुलूप लागलंय. साधूंच्या आणि यात्रेकरूंच्या गर्दीतून तो मागच्या दाराने आला, दाढी वाढलेली.

मी त्याला पाटावर बसवलं. ओवाळलं. विचारलं, "का केलंस असं? झाडपाल्याचं म्हणाला होतास."

"झाडपाल्याचंच होतं गं," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला दिलं ते अस्सल होतं. त्रिफळा, गुग्गुळ, एक चिमूट भेसळ नाही. त्याने कुणी बारीक झालं? नाही. लोक तुला हसले, तू मला झापलंस. ताई, नुसत्या पाल्याने कुणाची चरबी उतरत नाही. गुण यायला हवा होता ना तुला?"

"पण तू मला सांगायचं होतंस!"

"शेडमध्ये तू डोळ्यांनी बघितलंस. मी म्हटलं बांधणीला लागतं, आणि तू हो म्हणालीस. आणि इरा ते सोडून बसली होती हे तू मला सांगितलंस?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. राखी बांधली. भाऊ आहे, टाकू कुठे? पण एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कुणाला पटो न पटो. गोळ्या त्याने घातल्या. मी फक्त चूर्ण घातलं.

भाऊबीज

महेश सुरतेला पळाला म्हणतात. जामीन की काय ते मोडून. ओवाळायला कुणी नाही. लंकाबाई झेंडूची फुलं घेऊन आली, तिला चकल्या दिल्या. "उपास हाय," म्हणाली. दिवाळीत कसला उपास? शेजारच्या दोघींकडे फराळाचं ताट पाठवलं, ते रुमालासकट जसंच्या तसं आलं. वर म्हणे, "आमच्याकडे डाएट चालू आहे." सहा महिन्यांपूर्वी त्याच पुड्यांसाठी माझ्या दाराशी रांग लावत होत्या! त्यातल्या एकीची पाळी अजून ठिकाणावर नाही, असं ऐकलं. मी काय तिच्या तोंडात कोंबली होती?

इराला रोज एक गोळी घ्यावी लागते. हृदयाची. किती दिवस ते बाई सांगत नाहीत. पुढे बाळंतपणात जपावं लागेल, असं यांच्या बोलण्यातून कळलं. माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. वन्सं सांगतात की ती पुन्हा भरलीय, बँकेत जाते, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते. छान चाललंय म्हणतात.

छान चाललंय! आईशिवाय छान चाललंय.

१८ जानेवारी २००४, रविवार

यंदा डायरी कुणी आणून दिली नाही. जुनीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय.

हळदीकुंकू केलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, चांगल्या जाड. चारच बायका आल्या. वाट्या घेतल्या, तिळगूळ पर्समध्ये टाकला, सरबताला हात लावला नाही.

दुपारी इरा आली. सहा महिन्यांनी. मी दारातच तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती जाड झालीय. पहिल्यापेक्षाही जरा जास्तच. पण मी एक अक्षर बोलले नाही. देवाशपथ, दंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

मी गुळाची पोळी केली होती, वर तूप. पान वाढलं. ती बसली, पिशवी उघडली आणि आतून डबा काढला. वन्संच्या हातची पोळीभाजी. पाण्याची बाटलीसुद्धा काढून शेजारी ठेवली. माझ्या वाढलेल्या पानासमोर बसून तिने स्वतःचा डबा खाल्ला. हे शेजारी त्यांच्या हातचा वरणभात कालवत होते. बापलेक काहीबाही बोलत होते, रामकुंडावरच्या गर्दीबद्दल, बँकेतल्या नव्या साहेबाबद्दल. हसत होते. पुष्कळ दिवसांनी यांना एवढं बोलताना ऐकलं.

"एक घास तरी खा," मी म्हटलं. "मी तुझ्या समोर बसून केलंय असं समज."

"आई," ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "मला कळतं, तू माझ्या भल्यासाठीच करतेस. म्हणून तर भीती वाटते."

असं बोलतात का आईला? काय कमी केलं मी हिच्यासाठी? कुणी इतकं केलं असतं? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

निघताना मी तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. म्हटलं, "घे, गोड बोल." तिने मूठ मिटली. वाकून नमस्कार केला. "खा ना," म्हटलं. "हो, जाता जाता," म्हणाली. वर मान करून हसली. लहानपणी काढा नको असला की हसायची तशी, तोंड न उघडता.

ती गेल्यावर तुळशीला पाणी घालायला दारापुढच्या गॅलरीत गेले. वृंदावनाच्या मागे, कठड्यावर, तिळगूळ ठेवलेला होता. टाकला नव्हता, कागदाच्या तुकड्यावर नीट ठेवला होता. मुंग्यांची रांग लागली होती. तीळ न् तीळ ओढून नेत होत्या.

मी पाट आणला आणि तिथेच बसले. ऊन उतरेपर्यंत बघत होते.

मुंग्यांना काही झालं नाही.